वऱ्हाडातला अर्धा र

(दर्यापूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयातलं भाषण, थोडं संपादित करून)

मंडळी, येताना दारावरचा फ्लेक्स वाचला. माझा फोटो नको तेवढा मोठा आहे, ते चालेल. पण खाली 'शेतकर्यांसाठी' छापलंय. रफार चढला य च्या डोक्यावर, आणि आपला शेतकरी वाचताना थेट आचार्य झाला! आपल्या दर्यापूरला रफार हवाच, दर्या म्हणजे समुद्र. (समुद्र नाही आपल्याकडे, खारपाणपट्टा तेवढा आहे.) पण 'वऱ्हाड' आणि 'शेतकऱ्यांसाठी', हे दोन शब्द त्या आडव्या, पापणीसारख्या अर्ध्या र शिवाय लिहिताच येत नाहीत. म्हणून मी कुठलाही फॉन्ट घेतला की आधी 'वऱ्हाड' टाइप करून पाहतो.

दरवेळी दोष फॉन्टचा नसतो, हेही सांगतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक संकेतांत, त्यासाठी नुक्त्याचा, खाली टिंब असलेला ऱ वेगळा दिलाय. इनस्क्रिप्ट कळफलकावर र च्याच कळीवर शिफ्ट दाबायचं, मग हलन्त, मग य. एवढं एक बोट जास्तीचं लागतं, तेच कोणी लावत नाही.

कृतिदेव या जुन्या फॉन्टवर मात्र माझा राग आहे. तहसीलसमोरच्या टायपिंगवाल्यांचे हात रेमिंग्टन टाइपरायटरवर घडलेले, म्हणून तो टिकला, हे कळतं मला. पण त्याच्या पोटात मराठी नाहीच. 'भारत' लिहा, आत साठतात इंग्रजी अक्षरं: एच, के, के, जे, आर. माझ्या दुकानातल्या कित्येक वर्षांच्या लग्नपत्रिका नव्या मशीनवर उघडल्या, तर सगळे वरबाप इंग्रजी भुग्यात गेलेले.

मंगल फॉन्टला नावं ठेवताना जीभ अडखळते. तो सुलेखनकार रघुनाथ कृष्ण जोशींनी घडवला, आणि विंडोजवर मराठी सरळ दिसायला लागली. पण तो पडद्यासाठीचा. ग्रामपंचायतीच्या नोटिशीवर तापातून उठल्यासारखा दिसतो. विंडोजसोबत आयता आला म्हणून सगळ्यांनी तोच वापरला.

बलू हा फॉन्ट गुबगुबीत, बारशाला छान. मी तो तेरवीच्या पत्रिकेवर पाहिलाय! गिऱ्हाईक म्हणे, "भाऊ, अक्षर जरा भरलेलं टाका, साधं नोको." आणि जागा भरायला अक्षरं आडवी ताणणाऱ्यांबद्दल तर इथं बोलत नाही, समोर लेकरं बसलीत.

मी स्वतः मुक्ता फॉन्ट वापरतो. फुकट मिळतो, सात जाडींत मिळतो. त्यात 'वऱ्हाड' लिहिलं की पापणी ह ला नीट टेकते.

तर मघाशी मी फ्लेक्सवाल्या पोराला फोन केला. तो म्हणाला, "सर, उद्या उतरवाचाच हाय ना तो, काहून टेन्शन घेता?" उतरवलेला फ्लेक्स कुठं जातो, ठाऊक आहे ना तुम्हाला? सोयाबीनच्या गंजीवर, नाहीतर गोठ्यावर. म्हणजे पुढचा अख्खा पावसाळा 'शेतकर्यांसाठी' शेतकऱ्याच्याच डोक्यावर.