कोशेईचा बॅकअप आणि इल्याचं विमान

मंडळी, विषय पत्रिकेत छापलाय तोच: तंत्रज्ञानाच्या प्रकल्पाला स्लाव्ह लोककथेतलं नाव कसं द्यावं. मॉस्कोहून छापून आलेली मराठी पुस्तकं वाचून वाढलेले बरेच चेहरे समोर दिसतायत, तेव्हा बाबा यागा ही चेटकीण कोण हे सांगत बसत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की नाव घेण्याआधी गोष्ट शेवटपर्यंत वाचा. कोशेई म्हणजे या कथांमधला न मरणारा दुष्ट जादूगार, तेव्हा बॅकअपच्या सॉफ्टवेअरला ‘अमर कोशेई’ हे नाव कुणालाही सुचेल. पण त्याचा मृत्यू आहे सुईच्या टोकात. सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात, ससा पेटीत आणि पेटी बुयान बेटावरच्या ओकच्या झाडाखाली. एकात एक एवढी आवरणं, पण सुई एकच, दुसरी प्रत कुठेच नाही! ती मोडली की कोशेई खलास. (हशा) बॅकअप घेताना जे करू नये, ते सगळं त्यानं केलंय.

आता चपखल बसलेलं नाव. सेंट पीटर्सबर्ग, 1913. विमानांचा डिझायनर इगोर सिकोर्स्की रशिया-बाल्टिक वॅगन कारखान्यात (हो, रेल्वेचे डबे बनवणारा कारखाना) चार इंजिनांचं विमान बांधतो. त्याचं नाव ‘रुस्की वित्याझ’, रशियन योद्धा. कुठल्या कथेतला? कुठल्याच नाही, नुसताच योद्धा. त्याचा शेवट बघा. सप्टेंबरमध्ये हे विमान जमिनीवर शांत उभं आहे, वरून दुसरं विमान जातंय, त्याचं इंजिन निखळतं आणि नेमकं याच्या पंखावर पडतं. डोक्यावर इंजिन पडेल याचा विचार कुठला डिझायनर करतो? पुन्हा दुरुस्तीच केली नाही.

त्याच डिसेंबरात पुढचं विमान उडालं, ‘इल्या मुरोमेत्स’. हा इल्या लोककथांमधला वीर, काराचारोवो गावचा. तेहतीस वर्षं घरातल्या मोठ्या, वर झोपता येईल अशा चुलाण्यावर बसून, पाय चालत नाहीत. मग यात्रेकरू येतात, त्याला पाणी पाजतात, तो उठतो आणि घोड्यावरून कीव्हला निघतो. वाटेत सोलोवेय दरोडेखोर. याच्या शिट्टीनं झाडं आडवी होतात. इल्या त्याचा डोळा बाणानं फोडतो.

विमानाची गतही तशीच. एवढं धूड उडणारच नाही, एक इंजिन बंद पडलं की गिरक्या घेत कोसळेल, असं जाणकार म्हणत. फेब्रुवारी 1914 मध्ये ते सोळा माणसं आणि एक कुत्रा घेऊन उडालं. बंद केबिन, इंजिनांच्या धुराच्या नळ्यांवर तापवलेली, विजेचे दिवे, संडाससुद्धा. (आपल्या काही एसटी स्थानकांत यातलं किती आहे, ते सोडा.) जूनअखेर ते खरोखर कीव्हला निघालं. जवळपास 1200 किलोमीटर, इंधनासाठी ओर्शाला थांबा. ओर्शा सोडल्यावर एका इंजिनाची इंधननळी तुटली, आग लागली. विमानातले लोक उडत्या विमानाच्या पंखावर उतरले आणि ती विझवली. इंजिनापर्यंत चालत जाता यावं अशी सोय मूळ आराखड्यातच होती, हे महत्त्वाचं. सोलोवेय इथेही वाटेतच भेटला म्हणायचा.

खरी अडचण पुढे आली. इंजिनं जर्मन, आर्गस कंपनीची. ऑगस्टमध्ये जर्मनीशीच युद्ध. मग सॅल्मसन, सनबीम, जे मिळेल ते बसवलं आणि त्याच आराखड्यातलं विमान जड आणि मंद झालं. सुटे भाग शत्रूकडून येत असतील तर नाव कितीही मोठं ठेवा…

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दे भराभर सांगतो.

नाव तुम्ही दिलं नाहीत तर दुसरे देतात. युक्रेनच्या रात्री बॉम्ब टाकणाऱ्या मोठ्या ड्रोनना ‘बाबा यागा’ म्हणायला लागले ते समोरचे रशियन सैनिक.

कथा कुणाची, हे तपासा. इल्याचं गाव रशियात, पण त्याचे मानले जाणारे अवशेष कीव्हच्या पेचेर्स्क मठात. आज हे नाव घेतलंत तर दोन्हीकडून विचारणा होईल. पेरूनसारखं देवाचं नाव असेल तर त्याला आजही भजणारी माणसं आहेत, हे ध्यानात घ्या.

रोमन लिपीत स्पेलिंग किती प्रकारे होतं ते लिहून काढा. तीनपेक्षा जास्त होत असतील तर सोडा, शोधताना कुणाला सापडणार नाही.

आणि ट्रेडमार्क, डोमेन, पॅकेजची नोंदणी पहिल्या कोडच्या ओळीआधी. 2002 मध्ये ‘फिनिक्स’ म्हणून आलेला ब्राउझर बायॉस (संगणक सुरू करणारं सॉफ्टवेअर) बनवणाऱ्या कंपनीच्या हरकतीमुळे 2003 मध्ये ‘फायरबर्ड’ झाला. त्या नावाचा डेटाबेस आधीच होता, तिथूनही ओरड झाली. फेब्रुवारी 2004 मध्ये तो ‘फायरफॉक्स’ झाला. नाव बदललं की चिन्ह, फोल्डर, दस्तऐवज, इन्स्टॉलर, सगळं पुन्हा करावं लागतं, तेही वापरणारे जुन्याच नावाने शोधत असताना.