टेकडीचं नाव सोबत नेलेलं आडनाव

(दृश्य: पश्चिम आयर्लंड. दगडी गडगे, ओली कुरणं, पावसाची भुरभुर.)

शाळेत इतिहास शिकलेल्या बहुतेकांना एक नाव अंधुकसं आठवत असेल. काउंट लाली. तिसरं कर्नाटक युद्ध, वांदीवॉशची लढाई, हरलेला फ्रेंच सेनापती. फौज फ्रेंचांची, राजा फ्रान्सचा, म्हणून माणूसही फ्रेंच, असं आपण धरून चालतो.

त्याचं आडनाव मात्र फ्रेंच नाही. ते आलंय इथून, आयर्लंडच्या गॉलवे परगण्यातून. उच्चार आहे लॅली. आयर्लंडमध्येही हे आडनाव सर्रास भेटत नाही. मर्फी किंवा केली पावलोपावली भेटतील. लॅली शोधायचे तर गॉलवे आणि मेयो या पश्चिमेच्या दोन परगण्यांतच आधी जावं लागतं. हा सगळा मुलूख कॉनॉट प्रांतातला. दिल्लीचं कॅनॉट प्लेस ज्या ब्रिटिश ड्यूकच्या नावानं ओळखलं जातं, त्याची पदवी याच प्रांतावरून आलेली.

या आडनावाचं मूळ आयरिश रूप बरंच लांब आहे. ओ म्वीलली. यातला ‘ओ’ म्हणजे नातू, किंवा सैल अर्थानं वंशज. ‘म्वील’ या शब्दाचा मूळ अर्थ टकला, केस उतरवलेला. ख्रिस्ती साधू डोक्यावरचे केस काढत, म्हणून पुढे त्याला भक्त, सेवक असाही अर्थ आला. अशा ‘म्वील’नं सुरू होणारं नाव असलेला एक पूर्वज होऊन गेला आणि त्याचे ते सगळे वंशज. घरातल्या मुलीच्या नावात ‘ओ’ येत नाही, तिथे ‘नी’ येतं, म्हणजे ‘अमक्याच्या वंशाची लेक’. लग्न होऊन आलेल्या सुनेसाठी पुन्हा वेगळं रूप. एका आडनावावरून बाई माहेरची की सासरची ते कळतं.

आपल्याकडे आडनाव बहुधा गावावरून किंवा वतनावरून पडतं. आयरिश लोकांनी ते पूर्वजावरून घेतलं, आणि फार लवकर घेतलं. तिथल्या बखरवजा नोंदींमध्ये ९१६ साली वारलेल्या एका सरदाराचं नाव आहे, टिअरनख उआ क्लेरी. आयर्लंडमधलं वंशपरंपरेनं चालत आलेलं हे सर्वांत जुनं नोंदलेलं आडनाव मानलं जातं. हा सरदारही गॉलवेच्याच दक्षिण भागातला. तेव्हा युरोपच्या बऱ्याच देशांत माणसाला नुसतं एक नाव पुरत होतं.

(दृश्य: लॉक्रे गाव आणि त्याला लागून असलेलं तळं. सकाळचं धुकं.)

गॉलवेच्या पूर्व भागात ई मॅन्या नावाच्या मोठ्या कुळाची सत्ता होती. लॅली त्या कुळाची एक शाखा. लॉक्रेच्या तळ्याभोवतीचा सुपीक टापू, जुन्या कागदांतला मेनमॉय, त्यांच्या आणि ओ'नॉटन घराण्याच्या ताब्यात असे. ११६९ साली नॉर्मन आयर्लंडमध्ये उतरले. १२३५च्या सुमाराला त्यांच्यातल्या द बर्ग घराण्यानं कॉनॉट जिंकलं. आज ज्यांना बर्क म्हणतात ते हेच. या लोंढ्यात लॅलींना लॉक्रेची जमीन सोडावी लागली आणि ते वायव्येला सरकत ट्यूअम गावाजवळ येऊन राहिले.

ट्यूअमच्या उत्तरेला काही मैलांवर एक ठिकाण आहे. आयरिशमध्ये त्याचं नाव तुलख ना डॉला. तुलख म्हणजे लहान टेकडी. डॉल म्हणजे सभा. सभेची टेकडी. आजच्या आयरिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचं नाव डॉल एरन, त्यातला डॉल हाच. टेकडी म्हटल्यावर आपल्याला पर्वती आठवते. ही तशी नाही, आजूबाजूच्या सपाट कुरणातून जरा वर आलेला उंचवटा, एवढंच. पण पुढची सगळी गोष्ट या उंचवट्याच्या नावाभोवती फिरते, म्हणून ते लक्षात ठेवा. तुलख ना डॉला.

(दृश्य: आक्रिमचं रणांगण. वाऱ्यानं लवणारं गवत.)

१६८९ मध्ये इंग्लंडचं सिंहासन गमावलेला कॅथलिक राजा दुसरा जेम्स डब्लिनला आला आणि त्यानं तिथे संसद भरवली. त्या संसदेत ट्यूअमच्या वतीनं जेम्स लॅली बसला होता. दोनच वर्षांत, जुलै १६९१ मध्ये, गॉलवे परगण्यातच आक्रिमला या पक्षाचा दारुण पराभव झाला. त्याच वर्षी लिमरिकचा तह झाला. हजारो आयरिश शिपाई जहाजांतून फ्रान्सला निघून गेले. आयरिश लोक त्यांना ‘वाइल्ड गीझ’ म्हणतात, रानहंस. लॅलींची जमीन जप्त झाली, टेकडी गेली. घराण्यातला जेरार्ड लॅली फ्रान्सच्या राजाच्या आयरिश फौजेत दाखल झाला, तिथल्याच मुलीशी त्यानं लग्न केलं, आणि १७०२च्या जानेवारीत दोफिने प्रांतातल्या रोमां गावी त्याला मुलगा झाला. टोमा आर्तुर. आपला काउंट लाली तो हाच.

फ्रान्समध्ये त्यानं नाव लावलं, काउंट द लॅली, बॅरन द तोलंदाल. हे तोलंदाल म्हणजे तुलख ना डॉला. फ्रेंच जिभेवर घासून गुळगुळीत झालेलं, पण तेच. ज्या जमिनीवर आता एका पेंढीचाही हक्क उरला नव्हता, तिच्या नावाची पदवी हा माणूस परक्या देशात मिरवत होता. गाव सुटलं तरी नावातला ‘कर’ सुटत नाही, हे इंदूर-बडोद्याच्या मराठी घरांना वेगळं सांगायला नको. आयरिश माणसाच्या आडनावात गाव नसतंच, लॅलींनी ते मुद्दाम जोडून घेतलं. या घराण्याचा अभ्यास करताना मला सगळ्यांत जास्त हलवून गेली ती हीच गोष्ट.

(दृश्य: पुद्दुचेरीचा किनारा. मग तंजावरचं बृहदीश्वर मंदिर.)

११ मे १७४५ रोजी फाँतनुआच्या लढाईत आयरिश पलटणींनी इंग्रजांवर जो हल्ला चढवला, त्यात लॅलीच्या नावाची पलटण होती. शूर म्हणून त्याचं नाव झालं. १७५८च्या एप्रिलमध्ये तो पाँडिचेरीला उतरला, इंग्रजांना हिंदुस्थानातून हाकलायचं हा एकच ध्यास घेऊन. देश त्याला ठाऊक नव्हता, जाणून घ्यायची तयारीही नव्हती. जूनच्या सुरुवातीला त्यानं कडलूरजवळचा सेंट डेव्हिडचा किल्ला घेतला. आणि पैसा संपला.

इथे त्याची वाट आपल्या वाटेला येऊन मिळते. पैशासाठी तो तंजावरवर चालून गेला. तंजावरच्या गादीवर तेव्हा प्रतापसिंह भोसले होते, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्या वंशातले. काही वर्षांपूर्वीच्या वेढ्यात त्यांच्याकडून लिहून घेतलेल्या ५६ लाख रुपयांच्या कर्जरोख्याची वसुली, हे निमित्त. वाटेत त्याच्या फौजेनं नागूर लुटलं. किळवेळूरच्या देवळात खजिन्यासाठी उकराउकर केली, आणि तिथल्या काही ब्राह्मणांना हेर ठरवून तोफेच्या तोंडी दिलं. पुढे देहदंडाच्या वेळी त्याच्यावर अन्याय झाला, तो सांगणारच आहे. पण किळवेळूर गाळून त्याची गोष्ट सांगणं मला पटत नाही.

तंजावर पडलं नाही. दारूगोळा संपत आला, मराठी फौज बाहेर पडून छापे घालू लागली, त्यातच कारैकलच्या समुद्रात फ्रेंच आरमाराचा इंग्रजांपुढे निभाव लागला नसल्याची बातमी आली. ऑगस्टमध्ये लॅलीनं वेढा उठवला.

त्याच वर्षी त्यानं हैदराबादहून बुसीला परत बोलावलं. निजामाच्या दरबारातला फ्रेंचांचा दबदबा बुसीनं उभा केला होता, तो ओसरला. बुसीच्या हाताखाली तयार झालेला तोफखान्याचा सरदार इब्राहिमखान गारदी आधी निजामाकडे राहिला, मग मराठ्यांकडे आला, आणि पानिपतावर भाऊसाहेबांच्या बाजूनं लढला. २२ जानेवारी १७६० रोजी वांदीवॉशला लॅली हरला. मुरारराव घोरपड्यांच्या बाजूची मराठी स्वारांची तुकडी त्यानं मदतीला आणली होती. त्या स्वारांनी दुरूनच लढाई पाहिली. समोरचा इंग्रज सेनापती आयर कूट, त्याचा जन्म लिमरिक परगण्यातला. म्हणजे एका आयरिश घरच्या मुलाला दुसऱ्यानं तमिळ मुलखात हरवलं. फरक इतकाच की कूटचं घराणं आयर्लंडमध्ये जमिनी मिळवून बसलेल्यांपैकी, आणि लॅलीचं जमिनी गमावलेल्यांपैकी.

पाँडिचेरी शरण आली तो दिवस १६ जानेवारी १७६१. पानिपतानंतर दोन दिवसांनी.

(दृश्य: पॅरिस. सेन नदीकाठ.)

कैदी म्हणून इंग्लंडला नेलेला लॅली स्वतःहून फ्रान्सला परतला, आपल्यावरच्या आरोपांना उत्तर द्यायला. त्याला बास्तीयच्या तुरुंगात टाकण्यात आलं आणि राजाच्या हिताशी दगा केल्याच्या आरोपावरून ९ मे १७६६ रोजी पॅरिसच्या प्लास द ग्रेव्हमध्ये त्याचा शिरच्छेद झाला. तो तापट होता, गर्विष्ठ होता, हिंदुस्थानात क्रूरही वागला. दगाबाज नव्हता.

त्याला एक मुलगा होता, त्रोफीम जेरार, पंधरा वर्षांचा. आपला बाप कोण हे त्याला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. बापाचं मस्तक उडवलं गेलं त्या दिवशी त्याला समजलं की आपण लॅली आहोत. त्यानं ते आडनाव लावलं आणि ते स्वच्छ करण्यात पुढची बारा वर्षं घातली. फ्रेंच लेखक व्हॉल्तेर त्याच्या पाठीशी उभा राहिला. मे १७७८ मध्ये राजाच्या मंडळानं जुना निकाल रद्द केला. व्हॉल्तेर तेव्हा मरणाच्या दारात होता. बातमी ऐकून त्यानं मुलाला चार ओळी लिहून पाठवल्या, की आता मी समाधानानं मरेन, आणि काही दिवसांतच तो गेला.

त्रोफीम जेरार पुढे १७८९च्या फ्रेंच सभेत बसला, १८३० साली वारला. त्याला मुलगा नव्हता, तिथे फ्रान्समधली ही पुरुषशाखा थांबली. पॅरिसच्या एकोणिसाव्या विभागात लॅली-तोलंदाल नावाचा रस्ता आहे. त्यावरून रोज जाणाऱ्यांना ट्यूअमजवळचा तो उंचवटा कुठून ठाऊक असणार.

(दृश्य: डब्लिन, फोर कोर्ट्सची इमारत. मग जुन्या कागदांची पानं.)

मागे राहिलेले लॅली मात्र गॉलवे-मेयोत कुळं म्हणून दुसऱ्यांची जमीन कसत राहिले. इंग्रजी जाणणाऱ्या कारकुनानं जसं ऐकलं तसं त्यांचं नाव खतावणीत गेलं. ‘ओ’ गळाला. पुढचा ‘म्वील’ काही घरांत ‘मल’ होऊन टिकला, आणि मलॅली हे रूप तयार झालं. ते आज टिपेररी आणि किल्केनीच्या बाजूला जास्त दिसतं. पश्चिमेला ‘मल’ही गेला, आणि उरलं नुसतं लॅली.

ही माणसं कुठे होती हे शोधणं अवघड आहे, कारण १९२२च्या यादवीत फोर कोर्ट्समधलं सरकारी दफ्तर जळालं आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या जनगणना जवळजवळ सगळ्या त्यात गेल्या. १८८१ आणि १८९१च्या जनगणनेचे कागद पहिल्या महायुद्धाच्या काळात लगदा करायला दिले गेले होते. राहिली ती १९०१ आणि १९११ची जनगणना, आणि ग्रिफिथची जमीन-आकारणी, १८४७ ते १८६४ या काळातली. कोणाच्या नावावर किती जमीन, भाडं काय, हे त्यात गाववार आहे. आपल्याकडे सातबारा उलगडून वाडवडील शोधतात, तसे आयरिश लोक हे कागद उलगडतात.

ही आकारणी चालू असतानाच बटाट्यावर रोग पडला होता. १८४५ ते १८५२च्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. कॉनॉटची होरपळ सर्वांत वाईट. लॅली लँकशरच्या गिरण्यांकडे गेले, अमेरिकेत गेले. मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन लॅली नावाच्या बांधकाम कंत्राटदारानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोखंडी नळीत काँक्रीट भरलेला खांब काढला. अमेरिकेतले गवंडी आजही घराच्या तळघरातल्या त्या खांबाला ‘लॅली कॉलम’ म्हणतात.

आज कुणी ब्रिटन किंवा कॅनडाच्या नकाशावर लॅली आडनावाची ठिकाणं मांडली, तर पुंजके जरा जास्तच दाट दिसतील. त्याला कारण पंजाब. दोआबातल्या जाट शिखांत लाली किंवा लल्ली हे आडनाव आहे, आणि इंग्रजीत ते अगदी त्याच अक्षरांत लिहिलं जातं. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. इंग्लंडमधल्या एखाद्या गावी दारावर लॅली अशी पाटी दिसली, तर आतल्या आजीचं गाव ट्यूअमकडचं असेल किंवा जालंधरकडचं, आणि ते आजीलाच विचारावं लागेल.

(दृश्य: मेयो परगणा, टूरमॅकेडी. लॉक मास्कचं पाणी.)

मेयोतलं टूरमॅकेडी हे आयरिश भाषा बोलणाऱ्यांचं गाव. १९४५ साली इथे जन्मलेला मिक लॅली शिक्षक झाला, मग नट. १९७५ मध्ये गॉलवेत ड्रुइड नाटक मंडळी उभी करणाऱ्या तिघांपैकी तो एक. टीव्हीवरच्या शेतकऱ्याच्या भूमिकेनं तो आयर्लंडच्या घराघरात पोचला. २०१० साली तो वारला. आयरिश बोलताना त्याचं नाव मिक लॅली नसे. मीहॉल ओ म्वीलली, असं पूर्ण असे.