पांढरी एकचं बटण

नमस्कार श्रोतेहो.

साल 1943, महिना एप्रिल. पोलंडमधल्या नाझींच्या आउशवित्झ-बिर्केनाऊ छळछावणीत, बायकांच्या भागात, एक ऑर्केस्ट्रा उभा राहत होता. वाजवणाऱ्या सगळ्या कैदी बायका. हुकूम मारिया मांडल या एसएसच्या, म्हणजे हिटलरच्या खास दलाच्या, अधिकारी बाईचा. काम ठरलेलं. सकाळी मजुरीच्या टोळ्या फाटकाबाहेर पडताना मार्च वाजवायचा, संध्याकाळी त्या परतताना पुन्हा वाजवायचा. पाच-पाचच्या रांगा तालात चालल्या की मोजायला सोप्या जातात. ‘संगीताने त्यांना जगवलं’ हे वाक्य आपण फार ऐकतो आणि ते ऐकायला गोडही लागतं. खरं पाहता त्यांना जगवलं ते त्या मोजणीच्या गरजेनं. छावणीला मार्च हवा होता, म्हणून मार्च वाजवणारे हात हवे होते.

आता एस्तरची गोष्ट.

एस्तर लोवी. जर्मनीतल्या सारलुईची. वय 18. वडील सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, गाणारे, घरात पियानो. आईवडिलांना 1941 मध्येच लिथुआनियात गोळ्या घातल्या होत्या. 1943 च्या एप्रिलमध्ये बर्लिनहून आलेल्या गाडीतून ती बिर्केनाऊला पोचली. हातावर नंबर गोंदला गेला, 41948. काम मिळालं दगड उचलायचं. इकडचे दगड तिकडे न्यायचे, मग तिकडचे इकडे. अशा कामावर माणूस किती आठवडे टिकतं, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी ती बराकीच्या मुकादमणीपुढे शुबर्ट, मोझार्ट गाऊन दाखवी. त्याबद्दल पावाचा तुकडा जास्तीचा मिळे.

ऑर्केस्ट्राची पहिली प्रमुख होती झोफिया चायकोव्हस्का, पोलिश शिक्षिका, स्वतः राजकीय कैदी. ती वाजवणाऱ्या बायका शोधत होती. मुकादमणीनं एस्तरचं नाव सांगितलं. चायकोव्हस्कानं विचारलं, काय वाजवतेस? एस्तर म्हणाली, पियानो.

पियानो इथे नाही, अकॉर्डियन आहे. येतं का?

एस्तरनं आयुष्यात अकॉर्डियन हातात धरलेलं नव्हतं. ती म्हणाली, येतं.

परीक्षेला गाणं ठरलं ‘बेल आमी’, त्या काळी जर्मनीत प्रत्येकाच्या तोंडी असलेलं सिनेमातलं गाणं. गाणं ओळखीचं, वाद्य अनोळखी. एस्तरनं सरावाला थोडा वेळ मागितला आणि तो मिळाला.

त्या थोडक्या वेळात नेमकं काय जमवायचं होतं, ते बघा. उजव्या हाताचा प्रश्न नव्हता. अकॉर्डियनच्या उजव्या बाजूला पियानोच्याच पट्ट्या असतात, फक्त उभ्या. बोटांना चाल माहीत होती. गोची डाव्या हाताची. पेटीवर डावा हात भाता मारतो आणि तेवढंच करतो. (हीच पेटी 1940 पासून 1971 पर्यंत आपल्या आकाशवाणीवर बंद होती. एवढं सोशिक वाद्य, पण अजूनही काही मंडळी तिच्याकडे नाक मुरडूनच बघतात. असो.) अकॉर्डियनवर डाव्या हाताला दोन कामं असतात. भाता ओढायचा-दाबायचा आणि त्याच वेळी त्याच हाताच्या बोटांनी बटणं दाबायची. मोठ्या अकॉर्डियनला अशी 120 बटणं असतात. सगळी एकसारखी, सगळी गोल. ती वाजवणाऱ्याच्या नजरेला पडत नाहीत, बोटांनी चाचपावी लागतात.

पण त्या बटणांत एक मेख आहे. पांढरी एकच्या, म्हणजे पाश्चात्त्यांच्या ‘सी’च्या बटणावर खळगा किंवा खूण असते. ते सापडलं की तो सा धरायचा. त्याच्या लगेच वर, हनुवटीच्या बाजूला, पंचम. लगेच खाली मध्यम. सा मध्ये, प वर, म खाली. आणि प्रत्येक स्वराच्या शेजारच्या बटणात त्याच्यावरचा अख्खा कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार स्वर, तयार भरलेला. म्हणजे साध्या गाण्याच्या साथीला 120 बटणं लागतच नाहीत, एकमेकांना चिकटलेल्या तीन जागा पुरतात. पुन्हा सांगतो: एक खूण सापडली की तीन जागा सापडतात.

एस्तर पुढे सांगत असे, की तिनं नेमकं तेच केलं. कानानं सी मेजरचा कॉर्ड हुडकला आणि तिथून बाकीचे मोजले. पियानोमुळे स्वरसंगती कानात होतीच, फक्त तिचा पत्ता शोधायचा होता.

नवशिक्याचं फसतं ते भात्यावर. ओळ अर्ध्यात असताना भाता पूर्ण उघडून बसतो आणि आवाज तुटतो. बटण न दाबता जोर लावला तर भाता हलतच नाही, त्यासाठी हवेचं वेगळं बटण असतं. घाबरून जास्त जोरात ओढलं तर स्वरपत्त्या गुदमरतात. यातलं काहीही त्या दिवशी झालं असतं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा दगड.

ती पास झाली. तिच्याबरोबरच्या हिल्डे ग्रुनबाउम आणि सिल्व्हिया वागनबर्ग याही घेतल्या गेल्या, एक व्हायोलिनवर, दुसरी बासरीवर. चायकोव्हस्कालाही अकॉर्डियनची गरज होतीच. मोकळ्या हवेत मार्च वाजवायचा तर व्हायोलिन-मँडोलिनचा आवाज विरून जातो, थंडी-दमटपणानं तारा उतरतात. अकॉर्डियनच्या धातूच्या पत्त्या सहसा उतरत नाहीत आणि आवाज फाटकापलीकडे जातो.

मघाशी आकाशवाणीचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. रेडिओ सुरू होताना वाजणारी आकाशवाणीची धून वॉल्टर कॉफमन यांनी बांधली असं मानतात. तेही मध्य युरोपातले ज्यू. हिटलर सत्तेवर आल्यावर 1934 साली मुंबई गाठली, 1946 पर्यंत राहिले, मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला. त्यांचं नाव पाठ्यपुस्तकात हवं होतं.

तर, ऑर्केस्ट्रा. 1943 च्या ऑगस्टमध्ये सूत्रं आल्मा रोझे यांच्याकडे आली. व्हिएन्नाच्या नामवंत व्हायोलिनवादक, वडील व्हिएन्ना फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राचे कॉन्सर्टमास्टर, म्हणजे मुख्य व्हायोलिनवादक, मामा संगीतकार गुस्ताव माहलर. हाताशी काय, तर व्हायोलिनं, मँडोलिनं, गिटारी, अकॉर्डियन, बासरी, झांजा. खर्ज जवळजवळ नाहीच. म्हणून डिसेंबरमध्ये 18 वर्षांची अनिता लास्कर आली आणि ‘मी चेलो वाजवते’ म्हणाली, तेव्हा तिला लगेच बाजूला काढण्यात आलं. अख्ख्या ऑर्केस्ट्रात ती एकटीच चेलोवाली. वाद्यांसाठी बराकीत लाकडी जमीन आणि शेगडी होती. ऊब वाद्यांसाठी, पण बायकाही तिच्यातच झोपत. आल्मा आठवणीतून स्वरलेखन करून प्रत्येक वाद्याचे भाग वेगळे काढून देत. चुका खपवून घेत नसत. टायफसच्या तापातून उठलेल्या अनितानं बिघडवलं, तर तिला आठवडाभर गुडघ्यावर बसून फरशी पुसायला लावली. कठोर वाटतं. पण वादन घसरलं की ऑर्केस्ट्राची गरज संपली आणि गरज संपली की माणसं संपली.

एप्रिल 1944 मध्ये आल्मा अचानक आजारी पडून गेल्या. नोव्हेंबरमध्ये ज्यू वादकांना बेर्गेन-बेल्सनच्या छावणीत हलवलं. तिथे वाजवणं नव्हतं, उपासमार आणि टायफस होता. 15 एप्रिल 1945 ला ब्रिटिश फौजा आल्या. ऑर्केस्ट्रातल्या बहुतेक जणी जिवंत राहिल्या. अनिता पुढे लंडनमध्ये इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्राच्या संस्थापकांपैकी एक झाल्या. 2018 मध्ये त्या जर्मन संसदेत बोलल्या. मुलगा राफाएल वालफिश चेलोवादकच.

आणि एस्तर? तिला 1943 मध्येच राव्हेन्सब्रुकच्या छावणीत हलवलं होतं. शेवटच्या सक्तीच्या पायपिटीतून ती मैत्रिणींबरोबर निसटली. पुढे इस्रायल, मग 1960 पासून हॅम्बुर्ग, आणि लग्नानंतरचं नाव एस्तर बेजारानो. पंच्याऐंशीच्या घरात असताना त्यांनी कोलोनच्या मायक्रोफोन माफिया या रॅप मंडळींबरोबर गाणी सुरू केली, मुलगा आणि मुलगीही सोबत. आवाज जरा कमी करा, स्टेजवर एवढ्या उड्या मारू नका, अशी तंबी त्या पोरांना असायची. 2017 मध्ये ही सगळी वरात क्युबाला जाऊन कार्यक्रम करून आली. जुलै 2021 मध्ये, 96 व्या वर्षी एस्तरबाई हॅम्बुर्गमध्ये वारल्या. त्यांच्या रॅपच्या ध्वनिमुद्रिका मिळतात. ऐकताना आधी शब्दांकडे लक्ष द्या, ठेक्याची सवय दुसऱ्या गाण्यापासून होते.

नमस्कार.