गुऱ्हाळाच्या गाड्या आणि गर्दीच्या गाड्या

नमस्कार, श्रोतेहो.

गुऱ्हाळाचा हंगाम डोळ्यांसमोर आणा. चरक फिरतोय, चुलवाण पेटलंय, काहिलीत रस उकळतोय. फडातून ऊस आणायला गाड्या किती लावायच्या, हे गुऱ्हाळवाला कसं ठरवतो? नुसता ऊस किती टन आहे ते बघून नाही ठरत. फड किती लांब आहे, भरायला किती वेळ जातो, चरकापाशी रिकामी व्हायला किती वेळ जातो, म्हणजे एक फेरी केवढ्याची, हे तो आधी धरतो. फेरी तीन तासांची आणि दर अर्ध्या तासाला ऊस हवा, तर गाड्या सहा. एखादीचं चाक निखळलं तर असावी म्हणून वर एक.

शहरातल्या लोकल गाड्यांचा हिशेबही असाच असतो. मी मुंबईत बरीच वर्षं रेल्वेच्या वेळापत्रकाचं काम केलं. आता इथे, आपल्या गावी, कुणी म्हणतं, ‘गर्दी झालीय, दोन गाड्या वाढवा की!’ तेव्हा मला आधी विचारावंसं वाटतं, फेरी केवढ्याची?

मुंबईत विजेवरची पहिली लोकल 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला धावली. तिला डबे होते चार. पुढे नऊ झाले, बारा झाले, आणि 2009 पासून पश्चिम रेल्वेवर पंधरा डब्यांच्याही गाड्या आल्या. रूळ वाढवायला जागा नाही, दोन गाड्यांमधलं अंतर एका हद्दीपलीकडे कमी होत नाही, तेव्हा गाडी लांब करायची. बाराच्या पंधरा केल्या की त्याच फेरीत, त्याच मोटरमनबरोबर पाव पट माणसं जास्त जातात. मात्र त्यासाठी फलाट लांबवावे लागतात आणि कारशेडमधल्या लाइनीही. नुसते डबे आणून भागत नाही.

तरीही गर्दीच्या वेळी डब्यात एका चौरस मीटरला चौदा ते सोळा माणसं उभी असतात. पंगतीला जेमतेम दोघं बसतील एवढ्या जागेत सोळा! जून 2025 मध्ये मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतून माणसं खाली पडली, काहींचा जीव गेला. कामाला निघालेली माणसं होती ती. त्यानंतर नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं हवीत हे ठरलं. हवीतच. पण दार मिटण्यासाठी दारातला माणूस आत मावला पाहिजे.

आणि इथेच खरी गाठ आहे. गर्दी वाढली की चढायला-उतरायला वेळ लागतो. वीस सेकंदांचा थांबा चाळीसचा होतो. वीस स्टेशनांवर असं झालं, की एका खेपेत जवळजवळ सात मिनिटं गेली. फेरी लांबली, म्हणजे तेवढ्याच गाड्यांत फेऱ्या कमी बसल्या. फेऱ्या कमी, म्हणून पुढच्या गाडीला गर्दी आणखी. गर्दी नुसती गाडी भरत नाही, ती गाड्या खाते. वडापची जीप भरली की सुटते आणि मागे दुसरी लागते. लोकलला मागची गाडी सिग्नलला खोळंबून असते.

आता आपल्याकडे या. कोल्हापूर ते मिरज साधारण 48 किलोमीटर. जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी, वळिवडे इथून कॉलेजला, कामाला, दवाखान्याला रोज माणसं येतात. समजा एक खेप सव्वा तासाची आणि दोन्ही टोकांना पंधरा-पंधरा मिनिटं. झाली तीन तासांची फेरी. अर्ध्या तासाला गाडी हवी तर सहा रेक, म्हणजे डब्यांसकट सहा अख्ख्या गाड्या, आणि देखभालीसाठी एक. मात्र मधल्या सहा स्टेशनांवर एकेक मिनिट वाचलं, तर येताना-जाताना मिळून बारा मिनिटं वाचतात. लांब पल्ल्याच्या डब्याला दारं टोकांना आणि अरुंद. तिथे डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली मावशी चढेपर्यंत मागे रांग लागते. लोकलसारखी रुंद दारं असलेला डबा आला, तर ही मिनिटं सुटतील. टोकाला आणखी नऊ-नऊ मिनिटं कमी थांबलो, की फेरी अडीच तासांची झाली आणि सहाऐवजी पाच रेकमध्ये काम झालं. एक अख्खी गाडी विकत न घेता मिळाली.

अडचण आहे एकेरी मार्गाची. समोरून गाडी आली की एकीने स्टेशनात थांबायचं. ते थांबणं फेरीत धरल्याशिवाय आकडा खरा होत नाही. म्हणून दुहेरीकरण आणि गाड्यांची मागणी एकाच अर्जात लिहावी, असं मला मनापासून वाटतं.

शिवाय वेळ लागतो. मुंबईच्या एमयूटीपीचा, म्हणजे शहरी वाहतूक प्रकल्पाचा, 3-अ टप्पा 2019 साली मंजूर झाला, त्यात 191 वातानुकूलित लोकल होत्या. मंजुरी, निविदा, बांधणी, चाचणी यांत वर्षं जातात, आणि फलाटावरची गर्दी त्यासाठी थांबत नाही.

तेव्हा प्रवासी बंधू-भगिनींनो, एक आठवडा एवढं करा. दिवसभरात किती तिकिटं खपली ते राहू द्या. सकाळी आठ ते दहा, प्रत्येक गाडीला तुमच्या स्टेशनात किती जण चढले, किती फलाटावर राहिले, आणि गाडी किती सेकंद थांबली, हे वहीत लिहा. पासवाला कधी निघतो हे तिकीट खिडकीला कळत नाही, ते तुमच्या वहीतूनच कळेल. अर्जाला त्या वहीची पानं जोडा.

नमस्कार.