पांढऱ्या सरोवराच्या जुन्या काठरेषा

(दृश्य : तिरप्या उन्हातली डोंगरउतरण)

या उतरणीवर एकाखाली एक दिसणाऱ्या आडव्या रेषा म्हणजे गुरांच्या वाटा नव्हेत, की आमच्या माळव्यातल्यासारखे शेताचे बांधही नव्हेत. त्या त्सो कारच्या, म्हणजे ‘पांढऱ्या सरोवरा’च्या, जुन्या काठरेषा आहेत. लडाखच्या रुपशू भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे ४५०० मीटरवर असलेले हे सरोवर एकेकाळी इतके भरलेले होते की, इंदूरच्या साडेपाचशे मीटरना सरावलेल्या आम्हा मंडळींना जिथे दर दहा पावलांवर धाप लागत होती, तिथपर्यंत त्याच्या लाटा येत असत.

(दृश्य : तळहातावरचा खडा)

वरच्या रेषेवर सापडलेल्या या खड्याच्या कडा झिजून गोल झाल्या आहेत. पाणी एकाच पातळीवर दीर्घकाळ टेकून राहिले, की लाटा काठावरचे दगड असे घासत राहतात आणि रेष उमटते. जिथून ते भराभर उतरले, तिथे खूण राहत नाही.

त्सो कारमधून एकही प्रवाह बाहेर पडत नाही. वितळलेला बर्फ, झरे आणि दक्षिणेकडच्या गोड्या पाण्याच्या स्तार्त्सापुक त्सो या सरोवरातून येणारा ओढा ही त्याची आवक, आणि खर्चाची मुख्य बाब म्हणजे बाष्पीभवन. आवक वाढली की सरोवर पसरते, पसरल्यामुळे अधिक पाणी उडू लागते, आणि दोन्ही बाजू जिथे जुळतात तिथे नवा काठ ठरतो. उडालेले पाणी मीठ मात्र मागे ठेवते.

(दृश्य : मिठाच्या पापडीवरचे पाऊल)

टाच टेकताच पापडी कुरकुरते आणि खालचा काळा चिखल वर येतो. हेच मीठ चांगपा पशुपालक पूर्वी मेंढ्यांच्या पाठीवर लादून धान्याच्या मोबदल्यात नेत असत.

पलीकडे तिबेटच्या पठारावर, उपग्रहांच्या मोजणीनुसार, अशी अनेक बंदिस्त सरोवरे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून वाढत आहेत. त्यात कुरणे बुडाली, आणि २०११ साली झोनाग सरोवराचा काठ फुटला.

(दृश्य : सिरपूर तलाव, उन्हाळा)

हा इंदूरचा सिरपूर तलाव, २०२२ पासून रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला. पाणी ओसरताना मऊ गाळावर अशा रेषा इथेही उमटतात. दगडांचे अस्तर (पिचिंग) केलेल्या काठावर त्या उमटत नाहीत, म्हणून तिकडे आम्ही कॅमेरा लावला नाही. या मधल्या दोन रेषांवरून नुकताच एक बगळा चालत गेला आहे.