अंधारात कुणीतरी नाव घेतं

[दृश्य : सकाळ. गोव्यात सासष्टीतल्या एका गावात इगर्जीलगतचा, म्हणजे चर्चलगतचा, हॉल. शिडीवर दोघं जण पांढरं कापड ताणतायत.]

हा सिनेमाचा पडदा घरी शिवलेला आहे. जाड सुती कापडाचे दोन पट्टे आडवे जोडलेत, कडेनं पितळी कड्या ठोकल्यात. शिवण कुठे येणार यावर सकाळपासून चर्चा चाललीय. मध्यावर आली तर पडद्यावरच्या प्रत्येक माणसाच्या गळ्यातून ती जाते. म्हणून कापड उलटं करून शिवण तळाशी घेतली. खिडकीतून वारा आला की पडदा पोट फुगवतो, तेव्हा खालच्या दांडीला वाळूच्या पिशव्या बांधल्या. एरवी या मंचावर तियात्र, म्हणजे गाण्यांचं कोंकणी नाटक, होतं. मागच्या भिंतीवर रंगवलेलं बंगल्याचं दृश्य अजून तसंच आहे. आज ते पडद्याआड जाईल.

[दृश्य : खुर्च्या मांडणाऱ्या बायका. दाराशी खडूनं लिहिलेला फळा.]

फळ्यावर लिहिलंय, 'नाचोंया कुंपासार'. बार्डरॉय बार्रेटो यांचा २०१४ सालचा कोंकणी चित्रपट. कुंपास म्हणजे ताल, पोर्तुगीज 'कोंपासो'वरून आलेला शब्द. चला, तालावर नाचूया. गोष्ट डोना आणि लॉरी यांची, पण हॉलमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की ही गायिका लोर्ना आणि संगीतकार क्रिस पेरी यांच्या आठवणीतून उभी राहिलीय. साठ-सत्तरच्या दशकातली मुंबई, चर्चगेटचे क्लब, बँड आणि बँडपुढे गाणारी एक तरुण मुलगी. त्या काळातली वीस गाणी चित्रपटासाठी नव्यानं उभी केली. डोना झालेली पालोमी घोष बंगाली. तिच्या कामाची राष्ट्रीय पुरस्कारांत खास दखल घेतली गेली. सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही याच चित्रपटाला मिळाला.

चित्रपटासाठी काही पैसे लोकांनीच वर्गणी काढून उभे केले. आणि तो लोकांपर्यंत पोचलाही सभागृहासभागृहांतून, तियात्र फिरतं तसा. म्हणून आम्ही कॅमेरा घेऊन थिएटरात गेलो नाही, इथे आलो.

[दृश्य : जुने फोटो. वाजंत्र्यांचं पथक, इगर्जीची पायरी, हातात व्हायोलिन घेतलेली मुलं.]

ट्रम्पेट, सॅक्सोफोन, व्हायोलिन ही वाद्यं गोव्याच्या खेड्यात कुठून आली, हे समजून घेतल्याशिवाय ही गोष्ट पुरी कळत नाही. पोर्तुगीज काळात इगर्जीच्या शाळेत मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत. आधी सा-रे-ग-म सारखं दो-रे-मी तोंडानं म्हणायचं, हातानं ताल धरायचा, मग वाद्याला हात लावायचा. पोराला कागदावरचं संगीत आपल्या भाषेइतकं सहज वाचता येई. फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला वाजवायचं, लग्नाला वाजवायचं, अंत्ययात्रेतही वाजवायचं. पण गावात पोट भरेल एवढं काम नव्हतं. मग कुणी तारवटी होऊन बोटीवर गेले, कुणी मुंबई गाठली.

[दृश्य : आजचा धोबी तलाव. कूडीचा जिना. भिंतीवर सायबिणीची (मदर मेरीची) तसबीर, खाली ओळीनं ट्रंका.]

मुंबईत उतरलं की आधी गावाची कूड. धोबी तलावाच्या अवतीभवती गोव्यातल्या गावागावांनी आपल्या माणसांसाठी ठेवलेली ही घरं. एक खोली, भिंतीलगत ट्रंका, संध्याकाळी एकत्र तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणायचा, आणि ट्रंकेवर वाद्याची पेटी. हा जिना आम्ही तीनदा चित्रित केला. पायऱ्यांच्या कडा मध्ये खोलगट झाल्यात. किती माणसं आपली पेटी सांभाळत इथून चढली-उतरली असतील, त्याचा हिशेब त्या लाकडातच आहे.

१९३५ साली लिऑन ॲबी हा आफ्रिकन-अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्यानंतर ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ आला, पियानोवाला टेडी वेदरफोर्ड आला. गोव्याच्या पोरांनी ते संगीत जवळून ऐकलं, त्यांच्याबरोबर वाजवलं, आणि इगर्जीच्या शाळेत पक्क्या झालेल्या वाचनाला आता तिथल्या तिथे सुचेल ते वाजवण्याची जोड मिळाली. जॅझ मुंबईत रुजला तो असा, गोव्याच्या फुंकरीनं.

[दृश्य : गोव्यातल्या हळदोणे गावचा रस्ता. मग जुन्या गाण्याची स्थिरचित्रं.]

हळदोण्याच्या आंतोनियो शावियेर वाझ या ट्रम्पेटवाल्याला सगळे चिक चॉकलेट म्हणत. रात्री हॉटेल, दिवसा स्टुडिओ. आपल्या सी. रामचंद्रांबरोबर त्यानं काम केलं. भगवानदादांचा १९५१ सालचा 'अलबेला' पाहिलेल्या मराठी माणसाला त्याचा ट्रम्पेट पाठ आहे, फक्त नाव माहीत नाही. झालरीच्या बाह्यांचे झगमगीत सदरे घातलेला त्याचा बँड त्या चित्रपटात चक्क पडद्यावर दिसतो. शंकर-जयकिशनसाठी वाद्यमेळ बांधणारे सेबास्टियन डिसोझा गोव्याचेच. आणि वाद्यवृंदात बसलेली बाकीची माणसं? व्हायोलिनच्या तिसऱ्या ओळीतला, सॅक्सोफोनवर दुसरा बसणारा? श्रेयनामावलीत संगीतकाराचं नाव येई आणि तिथेच ती संपे. आमच्या मते हिंदी चित्रपटसंगीतावरचं हे सर्वांत जुनं देणं आहे, आणि अजून थकलेलं आहे.

[दृश्य : दुपार. हॉल रिकामा. स्पीकर. तंत्रज्ञ लॅपटॉपपाशी.]

आता खरी कसोटी. हॉलची फरशी गुळगुळीत, भिंती चुन्याच्या, वर कौलं. टाळी वाजवली तर तिच्यामागून दुसरी ऐकू येते. अशा जागेत बोललेलं वाक्य एकवेळ कळेल, पण ट्रम्पेट लावला की तो भिंतीवरून भिंतीवर आदळत राहतो आणि त्याच्याखालचा डबल बास पार बुडून जातो. पहिल्यांदा लावलं तेव्हा सगळ्यांनी कान धरले.

मग गावातून चादरी आल्या. गोधड्या आल्या. कुणाच्या तरी घरचे जाड पडदे आले, आकड्यांसकट. मागच्या भिंतीवर ओळीनं दोऱ्या बांधून ते सगळं टांगलं. स्पीकर मंचाच्या कोपऱ्यातून दोन हात पुढे ओढले आणि थोडे आत वळवले, म्हणजे आवाज बाजूच्या भिंतीवर न जाता माणसांवर पडेल.

[दृश्य : खुर्चीत बसलेले वृद्ध गृहस्थ. डोळे मिटलेले. उजव्या हाताची बोटं मांडीवर हलतायत.]

हे आजोबा मुंबईत बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवत. लॅपटॉपवरच्या आवाज कमीजास्त करायच्या पट्ट्या त्यांना कळत नाहीत, पण तंत्रज्ञ दर वेळी त्यांच्याकडेच बघतो. ते हात खाली करतात, म्हणजे वरचे स्वर टोचतायत. तळवा वर करतात, म्हणजे बास अजून हवा. चौथ्या खेपेला त्यांनी हात केलाच नाही. त्यांची बोटं बघा. ती गाण्याबरोबर चाललीयत, पण गायिकेच्या ओळीवर नाही. दुसऱ्या सॅक्सोफोनच्या ओळीवर.

"अजून थोडा तिखट राहू दे," ते उठताना म्हणाले. "माणसं येऊन बसली की कपडे आवाज पितात."

[दृश्य : संध्याकाळ. हॉल भरलेला. दारात उभी माणसं. दिवे जातात.]

[निवेदन थांबतं. पहिलं गाणं पूर्ण ऐकू द्या. कॅमेरा चेहऱ्यांवर.]

या हॉलमध्ये कुणी गप्प बसून चित्रपट बघत नाही. अंधारातून आवाज येतात. ट्रम्पेटचा एखादा तुकडा आला की मागच्या ओळीतून कुणीतरी नाव घेतं. त्यावर पुढून दुसरं कुणी म्हणतं, नव्हे, तो नव्हे, त्याचा भाऊ, तो वाजवायचा असा. कुणी गावाचं नाव सांगतं, कुणी कूडीचं. पडद्यावर अभिनेते आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. माणसं त्यांच्यापलीकडे बघतायत.

म्हणूनच असे खेळ गावात व्हायला हवेत असं आम्हाला वाटतं. घरी मोबाईलवर हा चित्रपट बघताना कुणी नाव घेणार नाही, कारण ऐकायला शेजारी कुणी नसेल. त्या संध्याकाळी आमच्या ध्वनिमुद्रकानं एक माइक प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवला होता. नंतर आजोबांना शेजारी बसवून ती नावं उतरवून काढली. वहीची दोन पानं भरली. बहुतेक नावं आम्ही कोणत्याही रेकॉर्डच्या वेष्टनावर वाचलेली नाहीत.

[दृश्य : वहीचं पान, जवळून. खोडलेली अक्षरं, बाण काढून लिहिलेली गावं.]

[दृश्य : मध्यंतर. चहा. मग पुन्हा हॉल.]

उत्तरार्धात डोनाचं गाणं थांबतं. लोर्नाही दोन दशकांहून अधिक काळ गप्प होती. १९९५ मध्ये ती पुन्हा गोव्यात लोकांसमोर गायली. क्रिस पेरी २००२ साली गेले.

[निवेदन थांबतं. शेवटचं गाणं. समोरच्या ओळीतल्या बायका उभ्या राहून नाचतात. आवाज प्रेक्षकांच्या माइकवरचा घ्या.]

मुंबईतही असा खेळ करायची आमची इच्छा आहे, मराठी उपशीर्षकांसह, धोबी तलावापासून चालत येता येईल अशा जागी. गिरगावात या वादकांचे शेजारी होते, त्यांनाही नावं आठवत असतील. तिथली भाडी परवडत नाहीत आणि आठवणारी माणसं दर वर्षी कमी होतायत.

[दृश्य : रात्र. गोधड्या उतरवल्या जातायत. पडदा घडी घालून पिकअपमध्ये.]

प्रत्येक चादरीच्या कोपऱ्याला दोऱ्यानं घराची खूण केलेली होती, त्यामुळे वाटप पटकन झालं. आजोबांनी वही परत मागितली, एका नावासमोर गाव चुकलं होतं. ते दुरुस्त केलं. पडदा आता नदीपलीकडच्या गावात जाईल. तिथला खेळ शनिवारी, सात वाजता. जनरेटर त्यांनी बघायचाय, गोधड्याही त्यांच्याच.

[वाळूच्या पिशव्या गाडीत चढतात. गाडी सुरू होते.]