गोणपाटाखालची केळी

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय आमच्या बॅचबद्दल, म्हणजे 1998 साली जळगावातनं बी.कॉम. झालेली आम्ही काही टाळकी आणि आमचा तो व्हॉट्सॲप ग्रुप, ज्यावर 2020 च्या मार्चपर्यंत गुलाबाच्या फुलांचे गुड मॉर्निंग आणि कॅन्टीनच्या त्याच त्याच तीन आठवणी, याशिवाय काही नव्हतं.

24 मार्चला रात्री 8 ला टीव्हीवर लॉकडाऊन जाहीर झाला, दुसऱ्या दिवशी पाडवा. गुढी उभारली, खाली रस्त्यावर चिटपाखरू नाही. माझं दुकान स्टेशनरीचं, झेरॉक्सचं. आमची खरी दिवाळी जूनमध्ये असते आणि मी वह्यांचा माल आधीच भरून ठेवलेला. आता शाळाच बंद म्हटल्यावर वह्या काय चाटायच्या?

मग ग्रुपवर रोज दुपारी कोणीतरी टाकायचं, काय करू राहिला भो? आणि पहिल्यांदाच लोकं खरं सांगायला लागली. आमचा भुसावळवाला मालगाडीवर गार्ड (आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात म्हणे, आमच्यासाठी तो गार्डच). पॅसेंजर गाड्या बंद झाल्या पण मालगाड्या चालूच होत्या, तर हा ड्युटीवरनं आला की मागच्या अंगणात बादलीभर पाण्यानं आंघोळ करायचा, कपडे तिथंच साबणात बुडवायचा आणि मग घरात, तेही वेगळ्या खोलीत. पोरगी दारातनं विचारायची, पप्पा आज कुठली स्टेशनं रिकामी पाहिली? वीस-बावीस वर्षांत मला हा माणूस डब्यात बसून नेमकं काय करतो तेच माहीत नव्हतं.

आणि आमचा रावेरवाला. केळीची बाग कापणीला आलेली, व्यापारी बघायला यायचा बंद. एके रात्री त्यानं नुसता फोटो टाकला, घड लोंबताहेत, खाली एक शब्द नाही. केळी काय कापूस आहे का, घरात भरून ठेवायला. मला काय सुचलं देव जाणे, मी लिहिलं, पाठव रे छोटा हत्तीभर, भाजी-फळाला परवानगी आहे, मी कॉलनीत विकतो.

आता आमच्या शहाणपणाची गंमत ऐका. बागेतनं केळी कच्चीच निघते, व्यापारी ती पिकवायच्या खोलीत लावतो, हे केळीच्या जिल्ह्यात जन्म काढून मला माहीत नव्हतं. सकाळी गाडी आली, सगळा माल हिरवागार, दगडासारखा. रावेरवाला फोनवर हसायला लागला, म्हणे गोणपाटाखाली झाक, मधे दोन-चार पिकलेली ठेव, सावलीत ठेव. सावली कुठली, एप्रिलचं जळगाव ते! दुकानात वह्यांच्या गठ्ठ्यांवर फण्या मांडल्या, वरनं गोणपाट. तीन दिवस काहीच नाही आणि चौथ्या दिवशी सगळी एकदम. त्यातली निम्मी वरनं हिरवीच पण आत मऊ, कारण फार उकाड्यात सालीला पिवळा रंग धरतच नाही, हेही त्यानं नंतर सांगितलं! कॉलनीत डझनावर विकली, उरली ती वाटली, घरी शिकरण, हलवा, शिकरण. बायको म्हणाली, आता केळीचं नाव काढाल तर बघा. पुढच्या दोन खेपांना मात्र हात बसला, आणि तेवढ्यात रमजान लागला तसा त्याचा बाकीचा मालही थोडा हलला.

26 एप्रिलला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडं लेकी माहेरी येऊन झोके घेतात तो सण. आमची एक मैत्रीण सुरतला, माहेर नवापूरचं. तिथलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत, एरवी आम्ही त्यावरनं तिला चिडवायचो. त्या वर्षी तीच हद्द आडवी आली. आईनं व्हिडिओ कॉलवर निंबाला बांधलेला झोका दाखवला, नेहमीसारखा, रिकामा. ही म्हणाली, नेटवर्क गेलं गं, आणि कॅमेरा बंद केला. नेटवर्क कुठं गेलं होतं!

दुसऱ्या लाटेबद्दल जास्त बोलवत नाही. 2021 चा एप्रिल, ग्रुपवर फक्त बेड आणि ऑक्सिजन. नंदुरबारला तेव्हाचे कलेक्टर डॉ. राजेंद्र भारूड यांनी आधीच ऑक्सिजनचे प्लांट उभे करून ठेवले होते, एकाच्या वडिलांना तिकडं नेलं, ते घरी आले. आमच्यातला एक जण आला नाही. त्याचा नंबर ग्रुपमध्ये आहे, काढायचा विषय कोणी काढत नाही.

गेल्या रविवारी रावेरला त्याच मळ्यात भरीत पार्टी झाली. वांगी काड्यांवर भाजली, बडगीत म्हणजे लाकडी भांड्यात कुटली, कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, सुरतवाली पण आली होती. निघताना रावेरवाल्यानं माझ्या गाडीच्या डिकीत अख्खा घड टाकला, कच्चा. आता तो दुकानात वह्यांच्या गठ्ठ्यांवर गोणपाटाखाली आहे, आज चौथा दिवस, आणि बायकोला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही पण सांगू नका.